घरचे म्हणतील तसं

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

आईनं मागं वळून बघितलं. डॉक्टरांनी परत विचारलं, जरा मोठ्यानं. माझा भाऊ विलास मध्येच म्हणाला, "कान शाबूत आहेत हो तिचे. ओरडायला नको."

मग डॉक्टरांबरोबर आलेल्या फडतरे बाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या, बोलायला गोड. "शालनताई, नाव सांगा की तुमचं."

"शालन ज्ञानोबा नाळे," आई म्हणाली. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं.

विलासनं कपाळावर हात मारला. ज्ञानोबा नाळे म्हणजे तरडगावचे आमचे आजोबा, आईचे वडील. आईचं लग्न होऊन पन्नासच्या वर वर्षं झाली होती, आमचे आप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ती कधीची शालन बोराटे झालेली.

"चुकलं, लिहा," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "ताई, यात चूक-बरोबर असं काही नसतं."

"मग विचारताय कशाला?"

विलासनं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मी एसटीत कंडक्टर होते तेव्हा, फलटण डेपोला. मला गोल गोल बोलता येत नाही. गाडीत लाडंलाडं बोलत बसलं तर तिकीट कोण काढणार?

ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई माझ्याकडे राहायची. माझ्या मालकांचं नि माझं पटलं नाही, मी बॅग घेऊन सासरहून परत आले, तेव्हा आईनं का, कसं, काही विचारलं नव्हतं. नुसती बाजूला सरली आणि मला घरात घेतलं. तेव्हापासून आम्ही दोघीच. मग तिला विसरायला व्हायला लागलं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग मंडईतून येताना भलत्याच आळीत शिरायची. मग एक दिवस डेपोतून फोन, "बोराटे मॅडम, तुमच्या मातोश्री लोणंद गाडीत बसल्यात, तरडगावचं तिकीट मागतायत, पैसे न्हाईत म्हणतायत." माहेरी निघाली होती. माहेरी कोण होतं आता? भाऊ गेला, भावजय गेली, घर विकलेलं. पण ती निघायची. आमचे ड्रायव्हर-कंडक्टर तिला चहा पाजून घरी आणून सोडायचे.

इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, डिमेन्शिया आहे, यावर उलटं फिरवणारं औषध नाही, सांभाळायचं. विलास पुण्याला चिंचवडला कंपनीत. त्याला हे ऐकवेना. त्यानं शोधून शोधून पुण्याच्या एका हॉस्पिटलात चाललेला अभ्यास काढला. नवीन औषध आहे, लोकांना देऊन बघतायत, आईला घेतील का विचारू, म्हणाला. मीही म्हणाले, विचार. खोटं कशाला बोलू, मला माझी आई परत पाहिजे होती. रोज समोर बसून जेवणारी बाई मला "तुम्ही कुठल्या गावच्या?" विचारायची, आणि मी मोरीत जाऊन रडायची.

तर ते दोघं घरी आले होते. डॉ. शंतनू आगाशे, तिशीचे, उंच, गोरे, नीट भांग पाडलेला. आणि या फडतरे बाई, समाजसेविका.

डॉक्टरांनी आधीच आम्हा दोघांना सगळं समजावून सांगितलं होतं. माणूस चांगला होता, काही लपवलं नाही. "औषध लागू पडेलच असं नाही. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसतंच पाणी. कुणाला काय मिळतंय ते मलाही माहीत नसतं. दर पंधरा दिवसांनी पुण्याला यायचं, सलाईनमधून औषध. आणि तपासणीसाठी पाठीच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढावं लागतं. दुखतं."

"आणि सही?" विलासनं विचारलं होतं.

"सही घरच्यांची, ताई सांभाळतात म्हणून ताईंची. पण तेवढ्यावर चालत नाही. आजींनी स्वतः तयार असायला पाहिजे. त्या नको म्हणाल्या, उठून गेल्या, रडल्या, हात झटकला, कसंही दाखवलं की नको, तर आम्ही घेत नाही. मग तुमची सही असली तरी नाही."

"त्याची काळजीच नको," विलास म्हणाला. "आमच्या आईनं जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही."

त्याला त्याचा अभिमान होता. मलाही होता.

त्या दिवशी तर आई सकाळपासून शहाण्यासारखी वागत होती. पाहुणे येणार म्हटल्यावर स्वतःहून तोंड धुतलं, पावडर लावली, जरा जास्तच. हिरवी साडी मागून घेतली. न्याहारी मात्र नको म्हणाली. मी म्हणाले, चला, आज बरी दिसतेय, देव पावला.

"वय काय शालनताई?" फडतरे बाईंनी विचारलं.

"सतरा सरलं."

"बरं. आणि शाळा किती झाली?"

"चौथी पास. पुढची शाळा गावात नव्हती."

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. फडतरे बाईंकडं बघून बारीक आवाजात म्हणाली, "चांगला वार असंल. बघूनच आला असाल की."

बाई खूश. "हो, बघूनच आलो."

मग वाचायला दिलं. एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'डोळे मिटा.' आईनं स्पष्ट वाचलं आणि डोळे मिटले. लगेच. किती वेळ उघडेचना. "उघडा आता," म्हटल्यावर उघडले. मग एक वाक्य लिहायला सांगितलं, तिनं आपलं नाव लिहिलं, नाळे घालूनच, अक्षर मोत्यासारखं. मग डॉक्टर म्हणाले, "आजी, जरा त्या दारापर्यंत चालून दाखवता?"

आजी म्हटलं की ती इकडंतिकडं बघायची, कुणाला म्हणतायत म्हणून. फडतरे बाईंनी सांगितल्यावर उठली, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि चालली. माझी आई तशी ताडताड चालणारी, पाय आपटत. आज एकेक पाऊल मोजून टाकत होती. मला वाटलं, गुडघे धरले असतील.

"घरातलं काय काय जमतं?" बाईंनी विचारलं. यादीतले प्रश्न होते ते, सगळ्यांनाच विचारतात.

"समदं येतं. भाकरी येती, पुरणाचं येतं. शिवन येतं. शेतातलं बी करती."

"अगं आई, गॅस पेटवता येत नाही तुला आता," विलास म्हणाला.

आईचा चेहरा असा झाला की जणू त्यानं चारचौघांत तिची अब्रू काढली. मी विलासला खुणेनं गप्प बसवलं.

मग डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. चित्रं आणली होती त्यांनी, साध्या शब्दांत एकेक सांगत गेले. मोटारीत बसायचं, पुण्याला जायचं, तिथं ही खोली, हा पलंग. मी मनात म्हणाले, पोरगं मनापासून करतंय काम. शेवटी म्हणाले, "आता मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा बघू."

आईनं नजर जमिनीला लावली. मग म्हणाली, "पुन्याला न्यायचं म्हनताय."

"अगदी बरोबर!" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "आणि?"

"पंधरा दिसांनी माघारी आनून सोडायचं."

"जवळजवळ बरोबर. आणि?"

"ऱ्हावं लागंल का तिथं?"

"पहिल्या वेळी एक रात्र राहावं लागेल."

आईचे कान लाल झाले. विलास म्हणाला, "आई, मी असणार की बरोबर," तर ती जास्तच आखडली.

"मग शालनताई," डॉक्टरही आता ताई म्हणायला लागले होते, "तुम्हाला हे चालेल का?"

"घरचे म्हनतील तसं."

"घरच्यांचं नाही विचारत. तुमचं सांगा. यायचं का तुम्हाला?"

आईनं विलासकडं बघितलं. विलासनं मान हलवली, हो म्हण, हो म्हण. आईनं मान हलवली.

"तोंडानं सांगा ना."

"हो."

"झालं!" विलास उभाच राहिला. "उजू, कर सही."

"थांबा, घाई नको," डॉक्टर म्हणाले, पण तेही खुशीत होते. फडतरे बाईंनी आईच्या पाठीवरून हात फिरवला. "छान उत्तरं दिलीत हो. जा आता आत, पाणी प्या."

आई उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी चहा टाकायला तिच्या मागं.

आत गेल्या गेल्या तिनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. बांगड्या रुतल्या माझ्या.

"वैनी," ती म्हणाली. "आबांस्नी तुम्ही सांगा."

मला काही कळेना. तोपर्यंत ती मला कधी बाई म्हणायची, कधी मास्तरीण, कधी नुसतंच अहो. वैनी पहिल्यांदाच. वैनी म्हणजे हिरामामी, तिच्या भावाची बायको, जाऊन किती वर्षं झाली; आणि आबा म्हणजे तिचे वडील.

"काय सांगू?"

"मला न्हाई जायचं. मला न्हाई पसंत."

"कोण?"

"त्यो." तिनं हनुवटीनं बाहेर दाखवलं. "त्याची आई चांगली हाय वो. पन मला न्हाई जायचं. मी हो म्हनले, पन ते तसंच. आबा बसलेले हुते ना समोर. दादा मान हलवत हुता. मी कशी न्हाई म्हनू? तुम्ही सांगा. तुमचं ऐकत्यात ते."

हातातलं भांडं मी ओट्यावर ठेवून दिलं.

पावडर. हिरवी साडी. नाव, वय, शाळा, स्वयंपाक येतो का. वाचून दाखव, लिहून दाखव, चालून दाखव. डोळ्यांपुढून एकेक गेलं माझ्या. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला दाखवायला बसवली होती की! आणि तिनं जसं करायचं असतं तसं सगळं केलं होतं. खाली बघून, हळू चालून, हो म्हणून.

आमच्या घरात एक गोष्ट कायम सांगितली जायची. कुणाचंही लग्न ठरलं की आप्पा सांगायचे, "आमचं एका बघण्यात जमलं. मी विचारलं, पसंत आहे का? हिनं पटकन मान हलवली." सगळे हसायचे. आई आत पोळ्या लाटत असायची.

आप्पा वाईट नव्हते. कारखान्यावर नोकरी, दारू नाही, हात उगारणं नाही. मी त्यांची लाडकी होते, त्यांच्याबद्दल वावगं ऐकून घेणार नाही. पण मला बघायला आले होते तेव्हा आईनं मला असंच आत घेतलं होतं, दाराला कडी लावली होती आणि विचारलं होतं, "उजे, मनापासनं हो ना? न्हाई असंल तर आत्ता सांग. मी जाते बाहेर सांगायला." मी हसले होते तिला. म्हणाले होते, "अगं मनापासून हो." माझं मनापासूनचं हो असून फसलं, तो भाग वेगळा. पण असं कडी लावून विचारायचं तिला कुठून सुचलं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"वैनी, सांगता ना?" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत एवढी भीती होती की मला माझ्या आईकडं बघवेना.

"सांगते, वन्सं," मी म्हणाले. मामी तिला वन्सं म्हणायची. माझ्या तोंडून ते कसं आलं, मलाच ठाऊक नाही.

बाहेर आले. विलासनं पेन पुढं केलं.

"मुलीला पसंत नाही," मी म्हणाले.

"काय?"

मग मी सांगितलं, आत काय झालं ते. फडतरे बाईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टर आधी गोंधळले, मग हळूच म्हणाले, "ताई, पण त्या या अभ्यासाला नाही म्हणत नाहीयेत. त्या लग्नाला नाही म्हणतायत."

"आणि मघाशी हो म्हणाली ती कशाला म्हणाली?"

डॉक्टरांनी हातातली चित्रं खाली ठेवली.

"ते हो तुम्हाला चाललं. अगदी बरोबर म्हणालात. ती तेव्हाही तिथंच बसली होती, तरडगावला, तिच्या बापासमोर. हो घेताय तर नाही पण घ्या."

"उजू, वेड्यासारखं करू नको," विलासचा आवाज चढला. "औषध मिळतंय तिला! उद्या सकाळी उठून तिला काही आठवणार नाही, हो काय आणि नाही काय. परत विचारू. डॉक्टर, तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवा, बाईमाणूस पाठवा."

"आणि मग? परत पावडर लावून बसवायची?"

"अगं, तुझ्या लक्षात येतंय का ती कुणाला नाही म्हणतेय ते?" विलास आता ओरडला. "आप्पांना! आपल्या आप्पांना नाही म्हणतेय ती!"

"मग?"

"मग आपण कोण?"

त्याचं खरं होतं. हिरामामीनं तेव्हा बाहेर जाऊन सांगितलं असतं, तर विलास नसता, मी नसते, हे घर नसतं. पण मामी बाहेर गेली नाही, किंवा गेली नि तिचं कुणी ऐकलं नाही, ते आता कोण सांगणार? आई माझ्याकडं आली होती, तिच्याकडं नाही. मला तेवढंच कळत होतं.

"सही मी करणार नाही," मी म्हणाले. "डॉक्टर, तुम्हीच म्हणालात, कसंही दाखवलं तरी चालतं."

आगाशे डॉक्टर आपल्या पायांकडं बघत होते. त्यांना आई हवी होती, ते दिसत होतं. आता कळतं की एकेक माणूस मिळवायला त्यांना किती पायपीट करावी लागत असेल. मग त्यांनी ती चित्रं गोळा केली. "हो," ते म्हणाले. "म्हणालो होतो."

जाताना फडतरे बाई दारात थांबल्या. आत स्वयंपाकघराकडं बघितलं. माझा हात दाबला आणि गेल्या.

विलास त्यांच्या मागोमाग गेला, चहाही न घेता. "आई तुझ्या एकटीची नाही," एवढं म्हणाला. नंतर वर्षभर त्यानं माझ्याशी अबोला धरला. आईचं पुढं काय व्हायचं तेच झालं. आधी चालणं गेलं, मग बोलणं, मग गिळणं. त्या औषधानं ती बरी झाली असती का, मला माहीत नाही. रात्र रात्र जागून तिचं अंथरूण बदलताना मी स्वतःला शिव्या घातल्यात, हेही सांगते. बाई, एक सही केली असतीस तर काय बिघडलं असतं. आणि सकाळ झाली की परत वाटायचं, नाही. तिनं नको म्हटल्यावर ते काही तुझ्या हातचं नव्हतं.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी त्यांची गाडी गेल्याचा आवाज आला आणि मी आत गेले. आई ओट्याच्या खाली भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाहेरची आरडाओरड तिनं ऐकली असणार.

"गेले?" तिनं विचारलं.

"गेले."

"दादा लई चिडला का वो?"

"चिडला. यील ठिकाणावर."

"आणि आबा?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. आजोबांना मी बघितलेलंही नाही. भिंतीवर फोटो होता, फेटा बांधलेला, मिशा पिळलेला.

"आबा म्हणाले, पोरीला नको तर नको."

आई माझ्याकडं बघत राहिली. "खरं सांगा वैनी."

"खरं, वन्सं."

"मग मी आता हितंच?"

"इथंच."

तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. पाय लांब केले, आईनं असे पाय पसरलेले मी कधी बघितले नव्हते, आणि हसली. तोंडातल्या उरलेल्या दातांनिशी, अगदी पोरीसारखी.

"वैनी, भाकरी हाय का वो?" ती म्हणाली. "सकाळधरनं घशाखाली घास उतरला न्हाई माझ्या."

मी उठले आणि तवा टाकला.